बेडूकमाशाच्या अंगावरून थायरॉइड वाचायला शिकूया

"सर, शेपटी गळून कुठे पडते?"

सहावीतल्या एका मुलीने शाळेमागच्या डबक्यापाशी विचारलं. मी म्हटलं, "शोध बरं एखादी." काठावर नखाएवढी पिल्लं उड्या मारत होती. कुणाला अर्धी शेपटी, कुणाला नुसतं टोक. पोरीने पंधरा मिनिटं चिखल धुंडाळला, पण एकही शेपटी मिळाली नाही. मिळणारही नव्हती. बेडकाची शेपटी गळत नाही. बेडूक ती आतल्या आत मोडतो, विरघळवतो आणि अंगात जिरवतो.

हा हुकूम सुटतो थायरॉइड ग्रंथीकडून. तिचं तेच एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, त्याच रक्तातून, त्याच प्राण्याच्या पायांना 'वाढा' म्हणून सांगतं आणि शेपटीला 'संपून जा' म्हणून. निरोप एकच, पण प्रत्येक अवयव तो आपापल्या कानांनी ऐकतो. हे एकदा लक्षात आलं की पावसाळ्यातलं एखादं साधं डबकंसुद्धा वाचता येतं. पाय किती आले, तोंड कुठवर फाटलं, शेपटी किती उरली, एवढं पाहून आत संप्रेरकाची पातळी कुठे पोचली असेल याचा अंदाज बांधता येतो. तो कसा बांधायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: डबकं निवडणं

पहिले दोन-तीन जोरदार पाऊस होऊन गेले की फिरायला लागा. पाच-सहा आठवडे पाणी टिकेल असं डबकं हवं. भातखाचराचा कोपरा, जुनी दगडाची खाण, विहिरीशेजारचा खड्डा, काहीही चालेल. भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा टोड, पाण्यात चिकट दोरे सोडतो. दोऱ्यात मोहरी ओवल्यासारखी काळी अंडी असतात. त्यातून निघणारे बेडूकमासे (पाठ्यपुस्तकातले 'भैकेर') काळेकुट्ट असतात आणि घोळक्याने फिरतात. नवशिक्याला ते सर्वांत सोपे. त्याच डबक्यात पाण्याच्या मधल्या थरात काचेसारखे पारदर्शक बेडूकमासे तरंगताना दिसले, तर नशीब समजा. ते मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचे. त्यांच्या अंगातलं बरंच काही कातडीतूनच दिसतं.

सामान फार लागत नाही. पांढरी प्लास्टिकची वाटी, काचेची स्वच्छ बरणी, चहाची मोठी गाळणी, मोजपट्टी, भिंग आणि फोन. वाटीत आणि बरणीत पाणी त्याच डबक्यातलं घ्या. एका वेळी दोन-तीनच बेडूकमासे, तेही पाच मिनिटांसाठी. बरणी डोळ्यासमोर धरून बाजूने फोटो, वाटीत वरून फोटो, मग जिथून घेतले तिथेच परत. हाताला साबण किंवा डास पळवायचं मलम असता कामा नये, कारण त्यांची कातडी सगळं शोषते. दुसऱ्या डबक्यावर जाण्याआधी गाळणी आणि वाटी उन्हात खडखडीत वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानातून पसरते. घरी आणून पाळू नका. बेडकांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि नळाचं क्लोरीनचं पाणी त्यांना सोसत नाही. शिवाय डबक्यावर जी गोष्ट दिसते ती बादलीत दिसत नाही.

दुसरी पायरी: अवस्था ठरवणं

गॉस्नर या अभ्यासकाने १९६० मध्ये बेडकाच्या वाढीचे ४६ टप्पे मांडले. जगभर तेच वापरतात. प्रयोगशाळेत आफ्रिकन झेनोपस बेडकासाठी ६६ टप्प्यांची वेगळी मोजणी आहे, पण डबक्यावर ती लागत नाही. आपल्याला चार खुणा पुरतात.

मागच्या पायाचा कोंब शेपटीच्या मुळाशी नुसता फुगवटा आहे की लांबट झालाय? लांबट असेल तर बोटं सुटी दिसतात का? पुढचे पाय बाहेर आले का? तोंडाचा कोपरा कुठे आहे? ही शेवटची खूण फार उपयोगी पडते. बरणी बाजूने धरा आणि कोपरा नाकपुडीच्या पुढे आहे, नाकपुडी आणि डोळ्याच्या मध्यामध्ये आहे, डोळ्याच्या मागच्या अर्ध्याखाली आहे की डोळ्याच्याही मागे गेलाय, ते पाहा. गॉस्नरच्या ४२ ते ४५ या टप्प्यांची ही मोजपट्टी. शेपटीचा मागमूसही उरला नाही की ४६.

तिसरी पायरी: रक्तात काय चाललंय

इथे जरा थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

१९१२ मध्ये गुडेरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या ग्रंथी खायला घातल्या. थायरॉइड खाल्लेल्या पिल्लांचं रूपांतर भलतंच लवकर झालं आणि त्यातून जेमतेम माशीएवढे बेडूक निघाले. चार वर्षांनी, १९१६ मध्ये, ॲलन यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी कोवळ्या बेडूकमाशाची थायरॉइडच काढून टाकली. ते बेडूकमासे वाढत राहिले, राक्षसी मोठे झाले, पण बेडूक झालेच नाहीत. त्याच वर्षी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढलेले बेडूकमासेही तसेच अडकले. त्यांचा रंग मात्र उडून ते रुपेरी झाले. म्हणजे हुकमाची साखळी अशी: मेंदू पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका थायरॉइडला, आणि थायरॉइड रक्तात संप्रेरक सोडते.

हे संप्रेरक दोन रूपांत असतं. ग्रंथीतून मुख्यतः येतं ते टी४, चार आयोडीन अणूंचं. त्यातला एक विशिष्ट अणू काढला की होतं टी३, आणि खरं काम टी३ करतं. आपल्याकडे घरोघरी सकाळी उपाशीपोटी जी थायरॉइडची गोळी घेतली जाते, तिच्यातला टी४ चा रेणू आणि बेडूकमाशाच्या रक्तातला रेणू यांत काडीचाही फरक नाही. झेनोपसमध्ये रूपांतरणाच्या शिखरावर रक्तातलं टी३ लिटरमागे सुमारे ८ नॅनोमोलपर्यंत चढतं, म्हणजे लिटरभर रक्तरसात पाच-सहा मायक्रोग्रॅम. एवढ्याशा द्रव्यावर अख्खा प्राणी नव्याने बांधला जातो.

आता अवयवाच्या कानांबद्दल. पेशीच्या केंद्रकात डीएनएवर एक ग्राही प्रथिन आधीच बसलेलं असतं. थायरॉइड सुरूही झालेली नसते, तेव्हापासून ते तिथे असतं. संप्रेरक नसताना हे ग्राही स्वस्थ बसत नाही, ते जनुकं दाबून धरतं. जणू कुलपाचं काम करतं, आणि त्यामुळे बेडूकमाशाला मोठं व्हायला निवांत वेळ मिळतो. टी३ येऊन चिकटलं की तेच प्रथिन बाजू बदलतं आणि तीच जनुकं चालू करतं. या ग्राहीचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार आहेत. त्यातल्या बीटाचं जनुक स्वतःच टी३ मुळे चालू होतं. म्हणजे निरोप ऐकला की आणखी कान फुटतात आणि पुढचा निरोप अधिकच मोठा ऐकू येतो. शेवटच्या आठवड्यात सगळं इतक्या वेगाने घडतं, त्याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट पेशीच्या दारावरची. आयोडीनचा अणू काढणारी विकरं, म्हणजे एंझाइम, दोन तऱ्हेची असतात. डी२ हे टी४ चं टी३ करून निरोप मोठा करतं. डी३ भलताच अणू काढून निरोप विझवतं. कोणत्या अवयवात कोणतं विकर कधी जास्त, यावर त्या अवयवाची पाळी ठरते. रक्त सगळीकडे एकच असलं तरी पेशीच्या आत पोचणारं संप्रेरक सारखं नसतं, हे मनात पक्कं ठेवून आता बरणीकडे वळा.

चौथी पायरी: मागचे पाय, म्हणजे पातळी नुकती चढू लागली

पायांचे कान तिखट. त्यांच्यात अल्फा ग्राही भरपूर आणि डी२ लवकर तयार, म्हणून रक्तात संप्रेरक अगदी थोडं असतानाच ते वाढू लागतात. तुमच्या बेडूकमाशाला मागचे पाय आहेत पण बाकी काहीच बदललं नाही, तर पातळी कमी पण चढती आहे असं लिहा. नुसता कोंब असेल तर थायरॉइड जेमतेम सुरू झाली आहे. ॲलन यांचे राक्षसी बेडूकमासे याच कोंबापाशी अडकले होते.

ही अवस्था काही आठवडे चालते. घाई करू नका, दर तिसऱ्या दिवशी एक फोटो पुरे.

पाचवी पायरी: हात आणि तोंड

पुढचे पाय मागच्यांच्या बरोबरीनेच तयार होत असतात, पण कल्ल्यांवरच्या कातडीच्या पडद्याआड. बाहेर यायच्या आदल्या दिवशी बरणी प्रकाशात धरली, की पांघरुणाखाली कुणी कोपर वळवावं तसं कोपर कातडीखाली हलताना दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्वास रोखला गेला होता. मग तो पडदा संप्रेरकाच्या प्रभावाखाली तिथेच विरतो, भोक पडतं आणि हात बाहेर येतो. डाव्या बाजूला श्वासछिद्र (कल्ल्यांतलं पाणी बाहेर पडायचं भोक) असलेल्या जातींत डावा हात पुष्कळदा त्या तयार वाटेनेच निघतो. तुमच्या डबक्यात कोणता आधी येतो ते नोंदवा.

हात आले की समजा, पातळी शिखराकडे निघाली. आता रोज जायचं, कारण पुढचं सगळं आठवड्याभरात उरकतं.

याच दिवसांत बेडूकमासा खाणं सोडतो. शेवाळ खरवडणारी चोच आणि दातांच्या ओळी झडतात, तोंड रुंदावत मागे सरकतं. फिकट पोटाच्या जातीत पोटाकडून पाहिलं तर आधी आतडं डासांच्या अगरबत्तीसारखं वेटोळं घालून बसलेलं दिसे, ते आता दिसेनासं होतं. झेनोपसमध्ये आतडं जवळजवळ पाव लांबीवर येतं. आतलं जुनं अस्तर मरतं, आणि थोड्या पेशींपासून मांसाहारी प्राण्याचं नवं अस्तर उभं राहतं. मारणारं आणि उभं करणारं संप्रेरक एकच, आणि दोन्ही कामं एकाच आतड्यात शेजारी-शेजारी चालतात. पायांची वाढ आणि शेपटीचा मृत्यू निदान दोन वेगळ्या ठिकाणी तरी असतात. मला विचाराल तर बेडकातला सर्वांत थक्क करणारा अवयव आतडंच.

सहावी पायरी: शेपटी

शेपटीचे कान जड. तिच्यात आधी निरोप विझवला जातो, आणि डी२ चा जोर अगदी शेवटी येतो. म्हणून पायांना पुरणाऱ्या पातळीवर शेपटी ढिम्म राहते. यामागचं शहाणपण पाहा. पोहायचं साधन आधी गेलं आणि चालायचं नंतर आलं, तर पिल्लू बुडेल किंवा कुणाच्या तरी तोंडी जाईल. शेपटी आखडू लागलेली दिसली, तर वहीत 'शिखर' लिहा.

बरणीत पाहा: आधी वरखालचे पातळ पडदे आक्रसतात, मग मधला दांडा आखूड आणि काळपट होतो. आत तेव्हा काय चाललेलं असतं? पोहण्याचे वेगवान स्नायू आपणहून मरायला घेतात, म्हणजे पेशीच्या आतूनच तसा कार्यक्रम चालू होतो. पाठोपाठ पेशींना धरून ठेवणारी चौकट विरघळते, मधला पृष्ठरज्जू, म्हणजे आतला लवचिक दांडा, कोसळतो, आणि सफाई करणाऱ्या पेशी उरलंसुरलं गिळतात. हे सगळं द्रव्य शरीर वापरतं. तोंड बंद असताना हाच शिधा.

चौकट कशाने विरघळते, हा प्रश्न जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत सोडवला. त्यांनी बेडूकमाशाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या, म्हणजे त्या चौकटीतल्या मुख्य प्रथिनाच्या, धूसर थरावर ठेवले. तुकड्यांभोवती थर विरघळून स्वच्छ गोल तयार झाले. प्राण्यांतलं कोलॅजेन तोडणारं विकर पहिल्यांदा सापडलं ते असं. पुढे त्याच कुळातली विकरं माणसाच्या सुजलेल्या सांध्यांत मिळाली.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर जमशेद टाटा यांच्या १९६६ च्या कामात आहे. भारतीय वंशाचे हे शास्त्रज्ञ लंडनला मिल हिलच्या संशोधन संस्थेत होते. त्यांनी शेपटीचं टोक कापून बशीत ठेवलं आणि त्यात टी३ घातलं. धड नाही, रक्त नाही, तरी ते टोक आक्रसत गेलं. मग पेशीला नवं आरएनए, म्हणजे चालू जनुकाची कामापुरती नक्कल, बनवता येणार नाही असं औषध घातलं, तर आक्रसणं थांबलं. मरायलाही पेशीला नवी जनुकं चालू करावी लागतात आणि नवी प्रथिनं घडवावी लागतात. त्याआधी १९३३ मध्ये शेपटीवर डोळा बसवून पाहिला गेला होता. शेपटी विरत गेली, डोळा मात्र धडधाकट राहिला. एकाच जागी, एकाच रक्तात राहूनही त्याने निरोपाचा वेगळा अर्थ लावला.

अलीकडे झेनोपस ट्रॉपिकॅलिस या जातीत अल्फा आणि बीटा ही दोन्ही ग्राही जनुकं काढून पाहिली आहेत. त्या बेडूकमाशांना पाय आले, पण शेपटी आणि कल्ले तसेच राहिले, आणि शिखराच्या टप्प्यावरच ते मेले. पायांना मुख्यतः कुलूप निघण्याची गरज असते; शेपटीला मात्र स्पष्ट हुकूम लागतो. चौथ्या आणि सहाव्या पायरीत डोळ्यांनी जो फरक पाहिला, त्याचं मूळ इथे आहे.

सातवी पायरी: जे दिसत नाही ते

यकृत अमोनियाऐवजी युरिया बनवू लागतं, कारण जमिनीवर अमोनिया धुऊन न्यायला पाणी नसतं. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन बदलतं. कातडी जाडावते, तिच्यात ग्रंथी येतात.

डोळ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. बेडूकमाशाचे डोळे बाजूला असतात, बेडकाला समोरचा किडा दोन्ही डोळ्यांनी टिपायचा असतो. त्यासाठी झेनोपसमध्ये दृष्टिपटलाची खालची कड टी३ मुळे जास्त वाढते. वरच्या कडेत मात्र डी३ दारावर उभं राहून निरोप विझवतं, म्हणून ती मागे राहते. एका डोळ्याच्या दोन कडांना एकाच संप्रेरकाबद्दल दोन मतं.

डबकं आटायला लागलं तर

पावसाने ओढ दिली की वहीतले आकडे बदलतात. कॅलिफोर्नियातल्या स्पेडफूट भेकाच्या बेडूकमाशांवर हे नीट तपासलं गेलंय. पाणी कमी झालं की मेंदूतलं तणावाचं संप्रेरक वाढतं, आणि उभयचरांत तेच पीयूषिकेमार्फत थायरॉइडलाही चेतवतं. तणावात सुटणारं कॉर्टिकोस्टेरॉन डी२ ची धार वाढवतं. रूपांतरण लवकर होतं, पण पिल्लं लहान निघतात. आंबोलीच्या जांभ्या सड्यावर उथळ खळग्यांत वाढणारी भेकपिल्लं पाहिली, की या घाईचं मोल कळतं.

म्हणून पाण्याची खोली रोज मोजा. काठी एकाच जागी रोवून तिच्यावर खुणा करा. शेपटी गेलेल्या पिल्लांची नाकापासून बुडापर्यंतची लांबी पाण्याच्या आकड्याशेजारी लिहा.

सह्याद्रीतले झुडपी बेडूक मात्र तुम्हाला डबक्यात सापडणार नाहीत. त्यांच्या अनेक जाती पाना-फांदीवर किंवा मातीत अंडी घालतात आणि अंड्यातून थेट पिल्लूच निघतं. अशा थेट वाढीतही थायरॉइड सुटत नाही. प्वेर्तो रिकोच्या कोकी बेडकात औषधाने संप्रेरक थांबवलं तर अंड्यातली वाढ अडते, आणि टी३ दिलं की पुन्हा चालू होते.

हे मात्र करू नका

घरातली थायरॉइडची गोळी किंवा आयोडीनचं द्रावण डबक्यात टाकून पाहण्याचा मोह होईल, विशेषतः मुलांना. टाकू नका. एकदम मोठी मात्रा मिळाली की तिखट कानांचे आणि जड कानांचे सगळे अवयव एकाच वेळी उठतात. पाय कोवळे असतानाच शेपटी आणि कल्ले जातात आणि पिल्लू मरतं. निसर्गात पातळी हळूहळू चढते, म्हणून तर अवयव रांगेने बदलतात. शिवाय त्याच पाण्यात मासे आणि इतर बेडूकही असतात. अशी परीक्षा करायची जागा प्रयोगशाळा. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००९ मध्ये त्यासाठी रीतसर चाचणी ठरवली. झेनोपसचे बेडूकमासे २१ दिवस संशयित रसायनात ठेवून मागच्या पायांची लांबी, अवस्था आणि थायरॉइड ग्रंथी तपासतात. पाय मागे पडले, तर रसायन थायरॉइडमध्ये ढवळाढवळ करतंय असा संशय पक्का होतो.

डबक्यावर तुम्ही त्यातलं अवस्था आणि पायांची लांबी पाहणं नक्की करू शकता. वहीत रकाने एवढेच: तारीख, पाण्याची खोली, किती पाहिले, त्यातल्या कितींना मागचे पाय, कितींना हात, तोंडाचा कोपरा कुठे, शेपटी धडाच्या किती पट. शेजारी आपला अंदाज: 'सुरुवात', 'चढती', 'शिखर'. एकाच घोळक्यात तिन्ही प्रकार दिसले तर गोंधळू नका, भावंडंही मागेपुढे होतात.

शेवटच्या आठवड्यात काठाच्या ओल्या गवतात पाऊल टाकण्याआधी खाली बघा. शेपटीचा काळा ठिपका उरलेली पिल्लं तिथेच बसलेली असतात, नवं आतडं पुरतं तयार व्हायची वाट पाहत. त्यांच्यापासून हातभर लांब बसून राहा. एखाद्याने पहिला किडा जिभेने टिपला, तर तेवढी वेळ वहीत लिहून ठेवा.